गवईचे बारा तास

बाईंचं काम लोकांच्या झोपा मोडण्याचं होतं, आणि एकोणतीस वर्षं त्या ते इमानेइतबारे करत आल्या होत्या.

मालगाडी यार्डात उभी असते आणि तिचा ड्रायव्हर घरी अंथरुणात असतो. या दोघांची गाठ घालून देणारी रेल्वेची एक कचेरी असते, तिला लॉबी म्हणतात. नावावरून कोणी गालिचे नि सोफे डोळ्यांसमोर आणू नयेत. ही लॉबी म्हणजे यार्डाच्या टोकाची एक लांबोळी खोली. दोन टेबलं, तीन टेलिफोन, भिंतीवर ड्रायव्हरांच्या नावांचा फळा, आणि एक खुर्ची, जिचा उजवा हात सुतळीने बांधलेला होता. डावा हात तिला नव्हताच. मंजुरी चार कारकुनांची होती, माणसं दोन. आठ तासांची पाळी बारा तासांची नक्की कधी झाली, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

बाईंना माणसांच्या झोपेची नस माहीत होती. कोणता ड्रायव्हर तिसऱ्या घंटीला उठतो, कोणाची बायको ‘ते अंघोळीला गेलेत’ म्हणून दहा मिनिटं काढते, कोण आजारी असल्याचं सांगायचं म्हणून फोन उचलायच्या आधीच खोकायला लागतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. फोन लागला नाही तर सायकलवर काका निघायचे. काका निरोप पोचवायच्या कामावर. हातात बोलावण्याची वही, दारावर थाप, ड्रायव्हरची सही, की झालं. बाईंच्या काळात ड्रायव्हर नाही म्हणून गाडी अडली, असं कधी झालं नव्हतं. ड्रायव्हर लोक त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे कोंबडा म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आता नियम असा होता की गाडीवरून उतरून सही केली की ड्रायव्हरला बारा तास विश्रांती. बारा तासांच्या आत त्याला दुसऱ्या गाडीवर चढवायचं नाही. कागदावर नियम चांगला होता. पण ड्रायव्हर कमी, गाड्या जास्त, आणि वरून कंट्रोलचा फोन सारखा कोकलत असायचा: कोळशाची गाडी उभी आहे, माणूस द्या, आत्ता द्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा लॉबीने आपल्यापुरती एक वाट काढली होती. बाईंच्या आधीच्या हेडक्लार्कने काढली, त्याने बाईंना शिकवली, बाईंनी पुढच्यांना. तिला म्हणायचे ‘बाहेरची वेळ लावणे’.

गाडी यार्डाच्या तोंडाशी, बाहेरच्या सिग्नलला येते. आत जागा नसली की तिथे तासन्‌तास उभी राहते. ड्रायव्हर इंजिनातच बसलेला, डोळे उघडे ठेवून. मग आत येतो, गाडी सोपवतो, लॉबीत येऊन सही करतो. विश्रांती मोजायची ती या सहीपासून. पण सहीपुढे वेळ लिहायचा कारकून. माणूस अडला की कारकून सहीची वेळ लिहायचाच नाही, बाहेरच्या सिग्नलला गाडी लागल्याची वेळ लिहायचा. गाडी दारात आली म्हणजे घरात आल्यासारखीच की, असं त्याचं समर्थन. तासाचा-दोन तासांचा फरक पडे. तेवढ्यात एक गाडी सुटे. सही केलेल्या माणसाला कुठला वार आहे हेही धड सांगता येत नसे, तो वेळ काय बघणार?

कच्च्या वहीत पेन्सिलीने खरी वेळ, पक्क्या वहीत शाईने बाहेरची वेळ. कच्ची वही तीन महिन्यांनी रद्दीत. सगळ्यांना माहीत, कोणी बोलायचं नाही. अळीमिळी गुपचिळी.

गवई मालगाडीचा ड्रायव्हर होता. गाणं त्याला ओ की ठो येत नव्हतं. पण फोन उचलला की बोलायच्या आधी तो घसा साफ करायचा, आणि ते खाकरणं खालून वर चढत जाऊन एका लांब ‘हं’वर थांबायचं, बैठकीला बसलेला गवई सूर लावतो तसं. एकदा बाई पलीकडून म्हणाल्या, “गवईबुवा, मैफल पुरे, गाडी आहे.” तेव्हापासून लॉबीत त्याचं नाव गवई पडलं. सरळ माणूस होता. आजारपणाची थाप नाही, बायकोला पुढे करणं नाही. एकच सवय होती. गाडी सांगितली की विचारायचा, “बाई, बारा झाले?” बाई म्हणायच्या, “झाले.” मग तो म्हणायचा, “मग आलो.”

त्या दिवशी त्याची गाडी सकाळी सहाला बाहेरच्या सिग्नलला लागली आणि तिथे दोन तास उभी राहिली. गवईने सही केली तेव्हा आठ वाजले होते. बाईंनी कच्च्या वहीत पेन्सिलीने आठ लिहिलं. जोडीदार कारकून रजेवर, म्हणून बाईंचा स्वतःचा सलग तिसरा लांब दिवस चालला होता. दुपारी मोठ्या साहेबांनी, म्हणजे लॉबीच्या प्रमुखांनी, आतूनच हाक मारली, “बाई, सहाच्या गाडीला कोण?” फळ्यावर नावच नव्हतं. बाईंचे पाय सुजले होते. सकाळचा डबा तसाच होता. त्यांनी पक्क्या वहीत शाईने सहा लिहिलं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तास. चार वाजता गवईच्या घरी फोन लावला.

सूर लागला. मग त्याने विचारलं, “बाई, बारा झाले?”

“झाले.”

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, “मग आलो.”

थकलेल्या माणसाने थकलेल्या माणसाला उठवलं, एवढंच त्यात होतं. त्या रात्री गवईची गाडी लाल सिग्नल ओलांडून पुढे उभ्या असलेल्या गाडीवर गेली. गवईचा असिस्टंट मोडलेल्या पायावर वाचला. गवई वाचला नाही.

चौकशी झाली. चौकशीवाल्यांनी पक्की वही मागितली, पक्की वही बघितली. बारा तास पूर्ण. सगळं नियमाने. मग गाडीवर डुलकी लागलीच कशी? निष्कर्ष एका ओळीचा होता: चालकाचा निष्काळजीपणा. बाईंना दोन प्रश्न विचारले गेले, दोन्हींची उत्तरं वहीत होती. त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. तोंडाने त्या खोटं बोलल्या नाहीत, आणि या गोष्टीचा त्यांना पहिले आठ दिवस आधारही वाटला.

नवव्या दिवशी त्यांनी कोणालातरी बोलवायला रिसीव्हर उचलला आणि त्यात गवईने सूर लावला.

बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला. पुन्हा उचलला. आधी ते खाकरणं, मग चढत जाणारं ‘हं’, आणि मग तोच सूर डायल टोन होऊन राहिला. उन्हं खिडकीतून आत आली होती, काका दारात सायकलीला हवा भरत होते, समोर दोन ड्रायव्हर सही करत होते. घाबरावं अशी ती वेळ नव्हती, जागाही नव्हती. बाईंनी नंबर फिरवला. पलीकडून बायकी आवाजात “हॅलो” आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बोटांनी नंबर गवईच्या घरचा फिरवलाय. त्या काहीच बोलल्या नाहीत. पलीकडून पुन्हा “हॅलो” आलं नाही, फोन ठेवल्याचाही आवाज आला नाही. दोघी तशाच कानाला फोन लावून उभ्या राहिल्या. शेवटी बाईंनी ठेवला.

मग ते रोजचंच झालं. प्रत्येक फोनच्या आधी तो सूर, आणि सुरामागून प्रश्न. बारा झाले? बाईंनी घरी नवऱ्याला सांगून पाहिलं. नवरा पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला, स्वभावाने गार. तो म्हणाला, “कान तपासून घे. तीस वर्षं फोन कानाला लावलाय, दुसरं काय होणार?” बाईंनी कान तपासले. कान ठणठणीत होते.

त्यांनी बाहेरची वेळ लावणं सोडलं. कोणाला न सांगता, आपल्या पाळीपुरतं. पेन्सिलीत आठ तर शाईतही आठ. पण तेवढ्याने भागेना. त्या प्रत्येक ड्रायव्हरचे तास बोटांवर मोजायच्या, मग कागदावर, मग पुन्हा बोटांवर. मोजता मोजता फोन करायला उशीर. गाड्या यार्डात खोळंबायला लागल्या. एकदा त्यांनी एकाच गाडीला दोन ड्रायव्हर बोलावले, एकदा एकही नाही. वर्षानुवर्षं खोटी वेळ लिहिली तेव्हा दरवर्षी ‘काम उत्तम’ असा शेरा मिळायचा. खरी लिहायला लागल्यावर चौथ्या महिन्यात मेमो हातात पडला: कामात दुर्लक्ष. साहेब म्हणाले, “बाई, दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. शेवटी शेवटी कशाला नाव खराब करून घेता?” बाई मेमोवर सही करून परत खुर्चीत बसल्या.

अपघाताच्या महिन्याची कच्ची वही तेवढी त्यांनी रद्दीत जाऊ दिली नव्हती. घरी कपाटात, हिवाळी कपड्यांच्या घडीखाली ती होती. का ठेवली, हे त्या स्वतःलाही सांगत नव्हत्या. ठेवली होती आणि तिला हात लावत नव्हत्या.

नऊ महिन्यांनी लॉबीत पाहणी आली.

खांद्याला पिशवी अडकवलेले एक गृहस्थ फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आले. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या ठिकाणची परिस्थिती कशी आहे, आणि तिचा त्यांच्या कामावर काय परिणाम होतो, हे वरच्यांना समजून घ्यायचं होतं. उशिरा का होईना, कोणाला तरी प्रश्न पडला. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. ‘मला दोन कामांमध्ये पुरेशी विश्रांती मिळते.’ ड्रायव्हर लोकांनी फॉर्म साहेबांच्या टेबलाशीच उभं राहून भरले, साहेब चष्म्यावरून बघत होते. सगळे पूर्ण सहमत निघाले. रात्रभर गाडी चालवून आलेल्या एकाने तर उभ्याउभ्या पेंगत सगळ्या सहमतींवरून एकच लांब रेघ ओढली. तो फॉर्म गठ्ठ्यातला सर्वांत खरा होता.

बाईंनीही एक फॉर्म भरला. ‘माझ्या कामाचा मला अभिमान वाटतो’ इथे आल्यावर त्यांचं पेन थांबलं. तो चौकोन त्यांनी रिकामा ठेवला.

फॉर्मसोबत एक वेगळं पान होतं, घरच्यांसाठी. ती पानं काकांनी क्वार्टर्समध्ये वाटली आणि दोन दिवसांनी गोळा करून आणली. बाई ती फळ्यावरच्या नावांप्रमाणे लावत बसल्या होत्या. एक पान हातात आलं आणि त्यांनी ते पुन्हा पाहिलं. वर गवईच्या घराचा नंबर होता.

“काका, हे कुठून आणलंत?”

“यादीत नाव होतं म्हणून दिलं.” काकांनी मान खाली घातली. “यादीतून नाव काढायचं राहिलंय कोणाचं तरी. दारात गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, पण तोवर वहिनींनी हात पुढे केला होता. मला परत घेववलं नाही, बाई. त्यांनी मला बसवलं आणि समोरच बसून लिहिलं. महिनाअखेर क्वार्टर सोडायचंय त्यांना.”

पानावर पाचसहा प्रश्न होते. वहिनींनी एकालाच उत्तर दिलं होतं. ‘घरी असताना कर्मचाऱ्याला झोपेसाठी शांतता मिळते का?’ चौकोनावर खूण नव्हती. खाली, मोकळ्या जागेत, ठळक गोल अक्षरांत लिहिलं होतं:

‘नव्हती. मी त्या दिवशी दुपारी अडीचपर्यंत शिलाई मशीन चालवत होते. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर घेतलं होतं. मला आजवर कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. माझा होता.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या उठून लॉबीच्या मागे, नळापाशी गेल्या आणि तोंडावर पाणी मारत राहिल्या. साप म्हणून भुई धोपटावी तशा वहिनी नऊ महिने स्वतःला धोपटत होत्या, आणि साप इकडे कपाटात, स्वेटरच्या घडीखाली पडून होता.

पान गठ्ठ्यात घालायचं की नाही? घातलं तर वहिनींचा गुन्हा कागदावर चढला. नाही घातलं तर आणखी एक खोटं. बाईंनी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. त्या दिवशी त्यांनी एकही फोन केला नाही, काकांना सायकलवर दारोदार पाठवलं. रिसीव्हर उचलायची छाती होईना.

घरी गेल्यावर त्यांनी वही काढली. नवरा बघत होता. त्याला सगळं सांगितलं, बाहेरची वेळ, सहा, आठ, सगळं. तो वहीची पानं चाळत राहिला. मग म्हणाला, “दाखवलीस तर नोकरी जाईल. पेन्शनचंही काही खरं नाही.”

“हो.”

“आणि नाही दाखवलीस तर?”

बाई म्हणाल्या, “तर तो रोज विचारेल.”

नवऱ्याने यावर कानाचा विषय काढला नाही. तो म्हणाला, “कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. तू तर स्वतःच कोंबडा.” आणि मग, बाईंना हसू येईना तेव्हा, “जेवून घे, नि सकाळी आधी गवईच्या घरी जा.”

सकाळी कसला धीर होतोय. दुपारचे तीन वाजले तेव्हा कुठे बाई गवईच्या क्वार्टरच्या जिन्यात उभ्या होत्या. दोन खोल्यांचं घर. अर्धं सामान खोक्यांत गेलेलं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन होतं, त्यावर चादर टाकलेली. मशीनच्या चारही पायांखाली ब्लँकेटच्या घड्या होत्या, आवाज जमिनीतून आतल्या खोलीत जाऊ नये म्हणून. कोपऱ्यात तिपाईवर रेल्वेचा काळा फोन. आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा, आणि पडद्याआड पलंग. झोपेसाठी या घराने काय काय केलं होतं, ते बाई एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा बघत होत्या. त्यांना घरं फक्त घंटीपुरती माहीत होती.

“येऊ का?” बाईंनी दारातून विचारलं. वहिनी अंगाने खंगलेल्या दिसत होत्या. डोळ्यांखाली काळं. “बाई ना तुम्ही?” त्या म्हणाल्या. “आवाजाने ओळखलं. बसा. तो फोन तुमचाच होता का? बोलला नाहीत तो?”

“हो.”

“मला वाटलंच. मी ठेवला नाही. म्हटलं, आपणहून बोलतील.”

बाईंनी पर्समधून घडी केलेलं पान काढून तिपाईवर ठेवलं, त्यावर कच्ची वही ठेवली, खूण घातलेलं पान उघडलं. मग उभ्यानेच सगळं सांगितलं, बसायला त्यांना जमलं नाही. गाडी सहाला बाहेर लागली. सही आठला झाली. मी सहा लिहिलं. त्यांनी विचारलं बारा झाले का, आणि मी झाले म्हणाले. झाले नव्हते. दहाच झाले असते गाडीवर चढताना. आणि त्यातही मी चारलाच उठवलं.

वहिनींनी वही जवळ ओढली. पेन्सिलीतल्या आठवर बोट ठेवलं. “हे?”

“हो.”

“म्हणजे मशीनमुळे नाही.”

“नाही, वहिनी.”

“मी अडीचला बंद केलं होतं. अडीचला लागली त्यांची झोप. मी पडदा बाजूला करून बघितलं होतं.” त्या पुन्हा म्हणाल्या, “म्हणजे मशीनमुळे नाही.”

“नाही.”

वहिनी वहीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज बदलला. “चारला फोन वाजला तेव्हा मी इथेच उभी होते. मी म्हटलं, आत्ता तर आलात तुम्ही, साडेआठला तर घरात पाऊल टाकलंत. आजारी आहे म्हणून सांगा. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, बाईंचा हिशेब चुकत नाही. बाई बारा म्हणाल्या म्हणजे बाराच झाले असणार. मलाच झोप पुरत नाही हल्ली, वय झालं.”

ती फोनवरची मधली शांतता बाईंना आठवली. नऊ महिने त्या तिच्यात संशय ऐकत होत्या. संशय नव्हता. तो माणूस आपल्या बायकोला, आपल्या शरीराला, डोळ्यांतल्या वाळूला खोटं ठरवत होता, बाईंच्या शब्दाखातर. 

“तुम्ही माझे नऊ महिने खाल्लेत,” वहिनी म्हणाल्या. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. “सुईत दोरा ओवला नाही मी नऊ महिने. पडले की डोक्यात मशीन सुरू. रोज. तुम्हाला झोप येत होती?”

“नाही.”

“बरं झालं.”

 खाली कोणीतरी सामान उतरवत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग वहिनींनी मशीनच्या खणातून वही-पेन काढलं आणि पुढे केलं. “शाईने लिहून द्या. खाली सही करा.”

बाईंनी लिहिलं. कोणत्या तारखेला, कोणती गाडी, बाहेर किती वाजता, सही किती वाजता, पक्क्या वहीत काय लिहिलं आणि कोणी. आठ हा आकडा त्यांनी अक्षरांतही लिहिला. खाली सही केली. उद्या याचीच नक्कल त्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार होत्या आणि एक चौकशीवाल्यांना पाठवणार होत्या. तेही त्यांनी सांगितलं. वहिनींनी कागद वाचला, पुन्हा वाचला, मशीनवरच्या चादरीखाली सरकवला.

“मी जरा पडते,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन पलंगावर आडव्या झाल्या. पडदा ओढायचंही त्यांना भान राहिलं नाही. “जाताना दार ओढून घ्या.”

बाई दाराशी गेल्या. दार ओढून बघितलं. बाहेरून त्याला ना कडी ना कुलूप. सोडलं की ते करकरत पुन्हा उघडायचं. आतून अडसर घातला तरच ते बंद राहणार होतं. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि पलंगाकडे पाहिलं. वहिनी झोपल्या होत्या. चप्पलही पायातच होती.

लोकांना उठवण्यात ज्या बाईचा हात कोणी धरला नसता, तिला आता एका बाईला उठवणं जमेना. बाईंनी आतून अडसर घातला. पडदा हळूच ओढला. खुर्ची मशीनपाशी घेतली आणि त्या बसल्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला थोडा वेळ होता. नवरा घरी वाट बघत असेल, लॉबीत त्यांच्या जागी बसवलेला नवखा माणूस बोटं मोडत असेल. बघू दे, मोडू दे.

मग त्यांचं लक्ष काळ्या फोनकडे गेलं. यादीत नाव अजून तसंच होतं. लॉबीतला तो नवखा, ड्रायव्हर कमी पडला तर, यादीवरून बोट फिरवत इथेही फोन लावायचा. बाई पाय न वाजवता तिपाईपाशी गेल्या आणि घंटी वाजायच्या आत रिसीव्हर उचलला. बाजूला ठेवण्यापूर्वी, इतक्या वर्षांच्या सवयीने, तो कानाशी गेला.

सूर लागला. खालून वर, सावकाश, आणि त्यामागून प्रश्न.

“नाही झाले,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “झोपा, गवई. अजून बारा झाले नाहीत.”

त्यांनी रिसीव्हर तिपाईवर आडवा ठेवला, त्यावर आपली शाल टाकली, आणि परत येऊन खुर्चीत बसल्या.